कराराच्या मागच्या पानाचा फोटो पाठवा

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वडील प्राथमिक शिक्षक. सुट्टीत बंदरावर आणि शेतांत हिंडून त्यांनी मालवणी शब्द जमवले, रापणीच्या दोरीपासून कुणग्याच्या बांधापर्यंत. कोश 1995 च्या दिवाळीत पुण्याच्या एका प्रकाशकाने काढला, पाचशे प्रती संपल्या, पुढे छापलाच नाही. यंदा तुम्ही तो स्कॅन करून नेटवर मोफत ठेवलात आणि प्रकाशकाच्या मुलाची नोटीस आली: पंधरा दिवसांत काढा, पाच लाख भरपाई द्या. अशी पत्रं मला सारखी येतात. कोश नसला तर आजोबांच्या कविता असतात, नाहीतर गावच्या देवस्थानाचा इतिहास. पुस्तक कुठे मिळत नाही, आणि ठेवू गेलं की मालक उगवतो.

तुमचं प्रकरण एका तारखेवर उभं आहे, आणि नेमकी तीच तुम्ही पाठवलेली नाही.

वीस रुपयांच्या स्टॅम्पपेपरच्या पुढच्या बाजूचा फोटो मिळाला. विक्रेत्याच्या शिक्क्यात 27 एप्रिल 1995 दिसतंय. खाली टाइप केलंय, 'सदर पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकांकडे राहतील.' किती वर्षं, याबद्दल चकार शब्द नाही. सह्या मागच्या बाजूला आहेत, असं तुम्हीच लिहिता.

कॉपीराइट कायद्याचं कलम 19(5) सांगतं की हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल, तर ती पाच वर्षं धरायची. 'सर्व हक्क' म्हटलं म्हणजे कायमचे दिले असं होत नाही. हे कळलं की लोक पेढे वाटायला निघतात. दोनच ओळी खाली 19(7) आहे, तिथपर्यंत कुणी वाचत नाही. ते म्हणतं, 1994 ची दुरुस्ती लागू होण्याआधीच्या करारांना हा नियम लावायचा नाही. ती दुरुस्ती लागू झाली 10 मे 1995 ला.

स्टॅम्प घेतला 27 एप्रिलला. मधे तेरा दिवस. स्टॅम्पची तारीख ही कराराची तारीख नव्हे. हक्क देणाऱ्याने सही केली तेव्हा हक्क गेले. वडिलांनी कागद सुट्टीभर घरी ठेवून जूनमध्ये सही केली असेल, तर प्रकाशकाचा हक्क जून 2000 मध्येच संपला. तो वडिलांकडे परत आला आणि त्यांच्या मागे तुमच्याकडे. नोटीस देणाऱ्याच्या हातात मग काही उरत नाही. सही मेच्या पहिल्या आठवड्यातली असली, तर पाच वर्षांचा आधार गेला आणि करार करताना दोघांचा उद्देश काय होता, यावर जुन्या पद्धतीने भांडावं लागेल. त्याचा निकाल काय लागेल, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

सहीखाली तारीखच नसेल, तर ट्रंक उपसा. 'करारनामा सही करून परत पाठवावा' असं प्रकाशकाचं पोस्टकार्ड, मानधनाच्या मनीऑर्डरचं कूपन, वडिलांची डायरी, यातलं काहीही चालेल. 2000 नंतर त्यांनी प्रकाशकाला आणखी काही लिहून दिलं होतं का, तेही बघा. रॉयल्टीच्या छापील पावतीवर हक्कांची एखादी ओळ सरकवायची सवय काही मंडळींना असते.

आता तुमच्या व्हॉट्सॲपविषयी. नोटीस मिळाल्यावर अर्ध्या तासात तुम्ही प्रकाशकाच्या मुलाला लिहिलंत, 'चूक झाली, आमच्याकडे हक्क नाहीत हे माहीत नव्हतं.' अहो, हक्क कुणाकडे आहेत हे मला अजून माहीत नाही, तुम्हाला कसं कळलं? हक्क कुणाचा, हा कायद्याचा प्रश्न आहे आणि तो अशा कबुलीने ठरत नाही, असं मी म्हणेन. पण तो स्क्रीनशॉट दाव्याला जोडलेला असणार, हे धरून चला. पुढचा निरोप वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नका.

'तीस वर्षं झाली, पुस्तक मिळत नाही, म्हणजे ते सगळ्यांचं' हे तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांनी कायदा उघडलेला नाही. वडील 2011 मध्ये गेले. कॉपीराइट त्यानंतर साठ वर्षं, म्हणजे 31 डिसेंबर 2071 पर्यंत आहे. पूर्वी पन्नास होती. रवींद्रनाथ 1941 मध्ये गेले, त्यांची पन्नास वर्षं 1991 अखेर भरत होती, तेव्हा घाईघाईने अध्यादेश काढून साठ केली. एका महाकवीसाठी वाढवलेली दहा वर्षं तुमच्या वडिलांच्या पाचशे प्रतींनाही लागली. जे पुस्तक मालक छापत नाही आणि दुसऱ्याला छापू देत नाही, त्याच्यासाठी या कायद्यात सुटसुटीत वाट हवी होती. कलम 31 मध्ये सक्तीच्या परवान्याची वाट आहे खरी. मालकाने पुन्हा छापायला नकार दिला आणि त्यामुळे पुस्तक लोकांपासून अडलं, तर अर्ज करता येतो. तारीख तुमच्या विरुद्ध गेली तर या वाटेचा विचार करू. पण आधी कॉपीराइट बोर्ड होतं, 2017 मध्ये त्याचं काम बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेलं, 2021 मध्ये तेही गुंडाळलं, आणि आता अशी कामं वाणिज्यिक न्यायालयांच्या आणि उच्च न्यायालयांच्या ढिगाऱ्यात पडतात. लेखक-प्रकाशकाच्या हक्काच्या तक्रारींवर शक्यतो सहा महिन्यांत निर्णय द्यावा, असं कायद्यात लिहिलेलं आहे. वाचून बरं वाटतं.

तोवर काय करायचं? स्कॅन तूर्त खाली उतरवा. हा पराभव नव्हे. फुकट वाटलं म्हणजे गुन्हा नाही, हा भ्रम सोडा. कलम 63 खाली शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, आणि तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलंय. तालुक्याच्या ग्रंथालयाने मागणी केली आहे म्हणता, त्यांचं काम आजच होईल. पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय स्वतःसाठी तीनपर्यंत प्रती काढू शकतं, आणि कपाटातल्या प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रतही ठेवू शकतं. ती नेटवर टाकू मात्र शकत नाही.

तारीख 10 मे किंवा त्यानंतरची निघाली, तर नोटिशीला सविस्तर उत्तर देऊ. तरी धमक्या थांबल्या नाहीत, तर कलम 60 खाली आपणच दावा लावू शकतो, हा हक्कभंग नाही असं जाहीर करून घ्यायला. प्रकाशक स्वतः वेळेत कोर्टात गेला तर आपला दावा टिकत नाही, आणि तो पुण्यातच दावा टाकेल, कायदा त्याला तशी मुभा देतो. कणकवलीहून तारखांना जायची तयारी ठेवा.

हक्क तुमच्याकडे आला तरी तो एकट्या तुमचा नाही. आई आहे, दोन बहिणी आहेत. वडिलांचं मृत्युपत्र नसेल तर चौघांच्या सह्या लागतील. मुखपृष्ठाचं चित्र आणि ती चार पानी प्रस्तावना दुसऱ्यांची आहे. स्कॅनमधून दोन्ही काढा, किंवा त्यांची लेखी परवानगी घ्या. मग कोश मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणालाही मोफत वापरायची लेखी मुभा देऊन ठेवा, आणि परवान्यात 'कॉपीराइट असेपर्यंत' अशी मुदत आहे ना, हे डोळ्यांनी बघा. कारण परवान्यालाही तेच कलम 19 लागतं. मुदत लिहिली नाही तर तुमच्या वडिलांचा कोश पाच वर्षांसाठीच मोकळा झाला, असं उद्या कुणीतरी म्हणेल.

मागच्या बाजूचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा. पुढच्या बाजूवर तुमचा अंगठा आलाय, तो या वेळी तारखेवर येऊ देऊ नका.