सायलेन्सर बदलल्यावर क्वाड फटाके का वाजवते, आणि पिस्टन बदलावा का?

तुमच्याकडे जुनी, कार्ब्युरेटरची यामाहा वायएफझेड ४५० क्वाड, म्हणजे चार चाकांची बाइक आहे. मोकळा सायलेन्सर बसवलात, एअरबॉक्सचं, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण काढलंत. आता थ्रॉटल सोडलं की फटाके वाजतात आणि अंगठा एकदम दाबला की इंजिन क्षणभर गुदमरतं. वर विचारताय, हाय कॉम्प्रेशन पिस्टन टाकू का?

पिस्टन तूर्त विसरा. इंजिन हवा जास्त ओढतंय आणि पेट्रोल मात्र जुन्याच मापाने मिळतंय. मिश्रण लीन झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि लीन इंजिन तापतं. त्यात कॉम्प्रेशन वाढवलंत तर नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकण्याची) भीती आणि जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलचा खर्च, दोन्ही मागे लागतील.

पण जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं माप ठरवणारं बारीक छिद्र) मागवायच्या आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट तपासा. मी हेच उलट्या क्रमाने केलं होतं. दोन आठवडे जेट बदलत बसलो आणि गाडी गरम असताना स्टार्टच होईना. शेवटी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर इनटेकच्या एका व्हॉल्व्हला फटच उरली नव्हती! या इंजिनात पाच व्हॉल्व्ह, तेही टायटॅनियमचे. त्यांच्यावरचा कडक थर बारीक धुळीने घासला गेला की व्हॉल्व्ह सीटमध्ये आत बसत जातो आणि फट कमी होते. पातळ शिम (फट जुळवायची चकती) टाकून तेवढ्यापुरतं निभावतं. थर गेला असेल तर फट पुन्हा मिटते आणि व्हॉल्व्ह बदलावाच लागतो. माझी धूळ फिल्टरमधून नव्हे, फिल्टरच्या कडेने गेली होती. फोमला तेल नीट लावलं होतं, पण तो जिथे टेकतो त्या कडेला ग्रीस नव्हतं. तुमचं झाकण तर उघडंच आहे, म्हणून फिल्टरवर जाळीचं कव्हर चढवा आणि फिल्टर काढल्यावर इनटेकच्या नळीत बोट फिरवून पाहा. बोटाला कचकच लागली तर आधी त्याचा बंदोबस्त.

आता जेटिंग. कुठलं जेट कधी काम करतं हे मुख्यतः आरपीएमवर नाही, थ्रॉटल किती उघडलंय त्यावर ठरतं. बंद ते पाव उघडं, तिथे पायलट जेट आणि फ्युएल स्क्रू. पाव ते पाऊण, नीडल. त्यापुढे मेन जेट. थ्रॉटलच्या घरावर चिकटपट्टी लावून पाव, अर्धं, पाऊण अशा खुणा करा, म्हणजे तक्रार नक्की कुठली ते कळेल. सोडताना वाजणारे फटाके बहुधा पायलटची तक्रार, पण त्याआधी सायलेन्सर आणि पाइपचा सांधा पाहा. तिथून हवा शिरली तरी अगदी तसाच आवाज येतो. एकदम दाबल्यावर गुदमरणं ही बऱ्याचदा अ‍ॅक्सिलरेटर पंपाची, म्हणजे थ्रॉटल झटकन उघडताना जादा पेट्रोल फवारणाऱ्या पंपाची भानगड असते. मेन जेट या बदलांनंतर मोठं लागणारच. पूर्ण थ्रॉटलवर एक लांब धाव घ्या, क्लच दाबून लगेच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. पांढराफटक असेल तर लीन, काजळी असेल तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. एका वेळी एकच जेट बदला आणि वहीत लिहा. उंचावर हवा विरळ, तिथे तेच जेट रिच पडतं.

आणि खरं सांगू? तुमची लॅप इंजिनामुळे हळू नसेल. मागचा एक्सेल अखंड असतो, डिफरन्शिअल नाही, त्यामुळे मागच्या दोन टायरांच्या हवेत थोडा जरी फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढते. हे टायर अगदी कमी दाबावर चालतात, त्यामुळे साध्या गेजवर तो फरक दिसतच नाही. कमी दाबाचा गेज घ्या. टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलीत ते) मोजताना गाडीवर कुणाला तरी बसवा. चेनसुद्धा रिकाम्या गाडीवर ताणू नका. स्विंगआर्मचा पिव्हट, पुढचा स्प्रॉकेट आणि एक्सेल एका रेषेत येतात तेव्हा ती सर्वांत घट्ट असते, सैलपणा त्या स्थितीत मोजायचा.

टॅपेटचं माप आणि तक्रार कुठल्या खुणेवर येते, एवढं कळवलंत तर जेटचा अंदाज सांगता येईल.