परवान्यावरचं एक अक्षर

प्रश्न : एका प्राण्याचं नाव ‘रेड लिस्ट’मध्ये वाचलं. म्हणजे त्याला कायद्याचं संरक्षण आहे ना?

तेवढ्यानं नाही. जात किती धोक्यात आहे, हे अभ्यासक त्या यादीत नोंदवतात. यादी कुणाला दंड करत नाही. बंधन येतं ते त्या त्या देशाच्या कायद्यानं आणि सीमेपलीकडच्या व्यापारात ‘सायटीस’ करारानं. तो १९७३ मध्ये झाला, १९७५ पासून लागू आहे.

प्रश्न : परदेशातून ऑर्किडची रोपं मागवायची आहेत. नर्सरीतलीच आहेत, मग परवाना कशाला?

फुलावर नसलेलं ऑर्किड हातात दिलं, तर ते नेमकं कुठलं हे भलेभले ओळखू शकत नाहीत; कस्टम्सचा माणूस काय ओळखणार? दुर्मीळ रोप साध्याच्या नावावर सहज खपेल. म्हणून अख्खं कुळच सायटीसच्या यादीत घातलं. हत्ती-गेंड्यांचा करार अशी सायटीसची ओळख. प्रत्यक्षात यादीतल्या चाळीस हजारांवर जातींपैकी निम्म्याहून जास्त ऑर्किडंच आहेत!

बहुतेक ऑर्किडं या यादीच्या परिशिष्ट दोनमध्ये येतात. व्यापार चालतो, पण निर्यात परवाना लागतो. पॅफिओपेडिलमसारखी काही परिशिष्ट एकमध्ये आहेत. त्यांची रानातली रोपं विकायला बंदी, नर्सरीतल्यांना मात्र परिशिष्ट दोनचे नियम. रोप कुठून आलं हे परवान्यावर एका अक्षरात असतं : ‘डब्ल्यू’ म्हणजे रानातलं, ‘ए’ म्हणजे लागवडीतलं. विक्रेत्याकडे आधी ते अक्षर मागा. टाळाटाळ करत असेल तर सौदा सोडा. निर्जंतुक बाटलीतल्या ऊतीसंवर्धित रोपांना बहुधा सूट मिळते. रोपांच्या आरोग्याचा दाखला वेगळा. तो सायटीसमध्ये धरू नका.

प्रश्न : माझी गिटार रोझवूडची आहे. ती घेऊन विमानानं जाता येईल?

रोझवूड कुठलं, यावर ठरेल. २०१७ मध्ये, रोझवूड ज्या गटात येतं त्या डाल्बर्जियाच्या सगळ्या जाती यादीत आल्या आणि वादक हैराण झाले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूडला ती नाही. ते १९९२ पासून परिशिष्ट एकमध्ये आहे. त्या लाकडाची गिटार असेल तर वाद्य प्रमाणपत्र काढा.

प्रश्न : किनाऱ्यावर सापडलेला शंख आणला तर? मी काही मारलं नाही.

जात यादीत असेल तर मेलेला प्राणी, त्याचं कवच, कातडं, सगळंच करारात मोडतं. कॅरिबियन समुद्रातल्या मोठ्या गुलाबी शंखांना वैयक्तिक सामानात माणशी तीनपर्यंत सवलत आहे, पण काही देश तीही मानत नाहीत. उचलण्याआधी दोन्हीकडचे नियम बघा.