वाचकांचे प्रश्न : राहून गेलेले सहलींचे अल्बम

प्रश्न : आमचे घर खानापूर तालुक्यात आहे. सासरे हयात असताना मे महिन्यात घरातील सर्वांची सहल निघत असे. बदामी, विजापूर, गोकर्ण, जोग, गोवा येथील फोटोंपैकी काही चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत, तर बाकीचे स्टुडिओच्या पाकिटांत निगेटिव्हसह ट्रंकेत पडून आहेत. धाकट्या मुलाच्या जन्मानंतर अल्बम लावणे थांबले. तो आता कॉलेजात आहे. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. या सर्वांचे एक चांगले स्क्रॅपबुक करायचे आहे. सुरुवात कोठून करावी, आणि चिकटलेले फोटो कसे काढावेत?
— एक वाचक भगिनी, तालुका खानापूर

उत्तर : ताई, सर्वांत जुन्या सहलीपासून क्रमाने निघण्याचा विचार सोडावा, असे मी आग्रहाने सुचवेन. ज्या सहलीविषयी सासूबाई आजही उत्साहाने बोलतात ती पहिली घ्यावी, मग ती मधल्या वर्षांतली का असेना. कापणे, चिकटवणे, सजवणे पुढील वर्षीही होईल; फोटोतील माणसांची नावे मात्र आज ज्यांना ठाऊक आहेत त्यांच्याकडूनच मिळणार आहेत.

दुपारच्या निवांत वेळी त्यांच्यासमोर एका वेळी थोडेच फोटो ठेवावेत, कारण थकवा आला की ‘असेल कोणीतरी’ असे उत्तर येऊ लागते. ‘हे कोण?’ एवढेच न विचारता शिदोरी कोणी बांधली होती, गाडी कोणाची होती, मुक्काम कोणाकडे केला, असे विचारावे आणि त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. नोंद करताना ‘आत्या’ किंवा ‘काकू’ एवढ्यावर थांबू नये, कारण पिढी बदलली की नातेही बदलते. पूर्ण नाव आणि कोणाची कोण, हे दोन्ही लिहावे. लग्नात ज्यांचे नाव बदलले त्या स्त्रियांचे माहेरचे नावही अवश्य नोंदवावे. आपल्या भागातील अनेक मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, म्हणून मजकूर मराठीतच, परंतु सुट्या व ठळक अक्षरांत असावा. सहलीला कन्नड शेजारी बरोबर आले असतील तर त्यांची नावे त्यांच्याकडूनच कन्नड लिपीत लिहून घ्यावीत. त्या निमित्ताने त्यांच्या कपाटातले त्याच सहलीचे फोटोही पाहायला मिळतील.

फोटोंचा क्रम विस्कटला असेल, तर निगेटिव्हची पट्टी खिडकीच्या उजेडात धरावी. तिच्या कडेला फ्रेमचे क्रमांक छापलेले असतात, आणि त्यांवरून आधी बदामीची लेणी पाहिली की आधी बनशंकरीचे दर्शन घेतले, हे निश्चित करता येते. वर्ष ठरवण्यासाठी फोटोतील पाट्या वाचाव्यात. बदामीच्या पाटीवर ‘जिल्हा विजापूर’ असे असेल तर ती १९९७ पूर्वीची असणार, कारण त्या वर्षी बागलकोट हा वेगळा जिल्हा झाला. पणजीहून म्हापशाच्या बाजूला जाताना मांडवीवर फेरीबोटीत काढलेला रंगीत फोटो १९८६ च्या पावसाळ्यात तेथील पूल कोसळल्यानंतरचा असण्याचा संभव बराच आहे. फोटोच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेल्या नारिंगी तारखेवर मात्र एकदम विश्वास ठेवू नये. कॅमेऱ्यातील घड्याळ लावलेलेच नसे, असे अनेक घरांत होत असे.

आता चिकट पानांविषयी. या अल्बममधील गोंद कालांतराने पिवळा पडतो आणि त्याच्या उभ्या-आडव्या पट्ट्या फोटोच्या पाठीवर उमटतात, म्हणून फोटो तेथून बाहेर काढणेच हिताचे आहे. त्यापूर्वी प्रत्येक पानाचा, फोटो आहेत त्याच जागी, मोबाइलने फोटो घ्यावा. नंतर वरचे प्लास्टिक सावकाश उचलून दात साफ करण्याचा बिनमेणाचा धागा फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवावा आणि दोन्ही हातांनी ताणून धरून करवतीसारखा हलका मागे-पुढे करीत पलीकडे न्यावा. फोटो वाकू लागला किंवा त्याचा थर सुटू लागला, तर तेथेच थांबून भोवतीचे पान कापून घ्यावे. पाणी किंवा गरम इस्त्री यांचा प्रयोग कोणाच्याही सांगण्यावरून करू नये.

फोटो लालसर दिसत असतील तर त्यांतील निळसर-हिरवा रंग आधी उडालेला असतो. असे फोटो स्कॅन केल्यास संगणकावर रंग बराच सावरता येतो. स्कॅनिंग ६०० डीपीआयने (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) करावे. मोठी प्रत पुढे काढायची असल्यास ते उपयोगी पडते.

नव्या वहीसाठी आम्लविरहित कागद घ्यावा आणि फोटो पानावर चिकटवलेल्या छोट्या कागदी कोपऱ्यांत अडकवावेत, जसे जुन्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये अडकवीत असत. ती पद्धत मला आजही सर्वांत उत्तम वाटते, कारण फोटोला गोंद लागत नाही आणि तो केव्हाही काढून पाठीमागचा मजकूर वाचता येतो. खळ लावल्यास कसर लागते, सेलोटेप पिवळी पडते. मजकूर शक्यतो पानावर लिहावा. फोटोच्या पाठीवर बॉलपेन दाबून लिहिल्यास समोरच्या बाजूला वळ उमटतात. एसटीची किंवा गोल घुमटाची जुनी तिकिटे फोटोला लागून ठेवू नयेत, कारण स्वस्त कागदातील आम्ल फोटोलाही बाधते. गोकाकच्या करदंट या मिठाईचे तुपकट वेष्टन जपले असेल, तर त्याचा फोटो काढून तोच लावावा.

हे सर्व काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत करावे. खानापूरच्या पावसाळ्यात बंद ट्रंकेतील फोटोंना बुरशी धरते आणि ते एकमेकांना चिकटतात. तयार वह्या पोटमाळ्यावर किंवा ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीजवळ न ठेवता आतल्या खोलीतील कपाटात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि पावसाळा संपताच उघडून सावलीत वारा द्यावा.

प्रश्न : आमचे सर्व सहलींचे फोटो मोबाइलमध्ये आहेत, आणि ते हजारोंनी आहेत. छापायचे किती?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : एका सहलीचे वीस-पंचवीस पुरेत. देखाव्यांपेक्षा माणसांचे निवडावेत. जोगचा धबधबा पुढेही पाहता येईल, त्याच्यासमोर छत्री धरून उभ्या असलेल्या आजी पाहता येणार नाहीत. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत छापू नये, कारण तेथे सहसा फोटोचा आकार कमी केला जातो. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवावी. छापून झाल्यावरही मूळ फायली मोबाइलखेरीज आणखी दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक ठिकाण घराबाहेरचे असावे.