दुसऱ्या बॅगेचे पैसे भरू की विद्यार्थी तिकीट काढू? आधी नागपूर–मुंबईचा हिशेब बघा

नागपूरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. लेक सप्टेंबरअखेर एमएससाठी जर्मनीला निघतेय, सोबत २३-२३ किलोच्या दोन बॅगा. मुंबई–फ्रँकफर्टचं साधं तिकीट ४२,००० रुपयांना मिळतंय. त्यात एकच बॅग फुकट, दुसरीचे ऑनलाइन ९,५०० रुपये. त्याच विमानाचं विद्यार्थी तिकीट ४७,५०० ला आहे आणि त्यात दोन्ही बॅगा येतात. नागपूर–मुंबईचं ५,२०० रुपयांचं विमान तिकीट त्या नंतर सवडीने काढणार आहेत. नागपूर ते फ्रँकफर्ट असं एकच तिकीट ५३,००० ला दिसतंय, पण ते महाग म्हणून बाजूला ठेवलंय. उरलेलं २० किलो सामान मागाहून कुरिअरने पाठवायचं, त्याचे १७,००० सांगितलेत. शिवाय बॅगेची सवलत मिळते म्हणून विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड घ्यावं का, असंही विचारलंय.

ताई, तुम्ही बाजूला ठेवलेलं ५३,००० चं तिकीटच घ्या. तुमची तुलना ४२,००० अधिक ९,५०० विरुद्ध ४७,५०० अशी आहे. त्यात विद्यार्थी तिकीट ४,००० रुपयांनी स्वस्त पडतं, इथवर हिशेब बरोबर आहे. पण ज्या प्रवासाकडे तुमचं लक्ष नाही, तिथे याच्या चौपटीहून जास्त पैसे जाणार आहेत.

देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या नेहमीच्या तिकिटावर साधारणपणे १५ किलो चेक-इन सामान फुकट असतं. नागपूर–मुंबईचं तिकीट वेगळं काढलंत की त्या विमानापुरती तुमची लेक ही साधी देशांतर्गत प्रवासी. पुढे फ्रँकफर्टच्या तिकिटावर ४६ किलो चालतात, याच्याशी नागपूरच्या काउंटरला काही देणंघेणं नाही. ४६ मधून १५ गेले, ३१ किलो जादा. तुम्ही पाठवलेल्या दरपत्रकात विमानतळावरचा दर किलोला ६०० रुपये आहे, म्हणजे १८,६०० रुपये. आता बेरीज करा: विद्यार्थी तिकीट ४७,५००, नागपूर–मुंबई ५,२००, जादा वजन १८,६००, एकूण ७१,३००. साधं तिकीट अधिक दुसरी बॅग या मार्गाने हाच आकडा ७५,३०० होतो. जादा वजन आधीच ऑनलाइन घेतलं तर दर कमी पडतो हे खरं. त्यात पाच-सहा हजार सुटतील असं धरलं तरी रक्कम ६५,००० च्या खाली येत नाही.

एकाच तिकिटावर नागपूर ते फ्रँकफर्ट प्रवास असेल तर सामानाचा एकच नियम सगळ्या टप्प्यांना लागतो आणि त्यात दोन बॅगा असल्या की नागपूर–मुंबईलाही ४६ किलो चालतात. बॅगा थेट फ्रँकफर्टच्या टॅगने जातात. नागपूरचं विमान उशिरा सुटून पुढचं चुकलं, तर दुसऱ्या विमानात जागा देणं कंपनीचं काम. वेगळ्या तिकिटांवर हाच प्रसंग आला तर फ्रँकफर्टचं तिकीट बुडालं असंच समजायचं.

मात्र पैसे भरण्याआधी एक गोष्ट डोळ्यांनी बघा. काही वेबसाइट दोन वेगळी तिकिटं जोडून एकच प्रवास असल्यासारखा दाखवतात. बुकिंगच्या पानावर ‘सेल्फ ट्रान्सफर’ (म्हणजे मधे बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन तुमचं तुम्ही करायचं) लिहिलंय का, पीएनआर एक आहे की दोन, आणि सामानाच्या रकान्यात प्रत्येक टप्प्यापुढे काय आहे, हे तपासा. दोन्ही टप्प्यांपुढे ‘२ पीसी’, म्हणजे दोन बॅगा, हवं. नागपूर–मुंबईपुढे ‘१५ के’ (१५ किलो) दिसलं तर ती जोडलेली तिकिटं आहेत, ती घेऊ नका. शंका वाटली तर विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तोच प्रवास शोधून बघा.

तुम्ही दोघं सोडायला मुंबईपर्यंत जाणार असाल तर आणखी एक वाट आहे. तिघांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढून एकत्र चेक-इन केलं की देशांतर्गत वजनाची बेरीज साधारणपणे धरतात: १५ त्रिक ४५, जादा फक्त एक किलो. पण तिघांचे १५,६००, एका किलोचे ६०० आणि विद्यार्थी तिकीट मिळून ६३,७०० होतात. तुमचा दोघांचा रेल्वेचा खर्च (माणशी २,२००) एरवी झालाच असता म्हणून ४,४०० वजा केले, तरी ५९,३०० उरतात.

रेल्वे मात्र खरी स्पर्धक आहे. सेकंड एसीत माणशी ५० किलो सामान फुकट नेता येतं, थर्ड एसीत आणि स्लीपरमध्ये ४०. म्हणजे थर्ड एसीत एकट्या मुलीच्या नावावर ४६ किलो बसत नाही, पण तुम्ही सोबत असाल तर प्रश्न नाही. विदर्भ एक्सप्रेसचं सेकंड एसीचं तिकीट तुम्ही २,२०० धरलंय, तेव्हा विद्यार्थी तिकिटासह ४९,७०० होतात आणि एकाच तिकिटापेक्षा ३,३०० वाचतात. मुंबईत जवळच्या नातेवाइकांकडे उतरायची सोय असेल आणि उड्डाणाच्या आदल्या दिवशी पोचणार असाल, तर हा मार्ग जरूर घ्या. हॉटेल घ्यावं लागणार असेल तर एका रात्रीत आणि दोन टॅक्सींत ते ३,३०० संपतात, वर गाडी रखडण्याची धाकधूक वेगळीच.

आता बॅगांकडे. ‘२ पीसी’ म्हणजे ४६ किलो कसेही विभागून चालतील, असं नाही. प्रत्येक बॅग स्वतंत्र मोजतात. एक २६ आणि दुसरी २० भरली तर बेरीज ४६ च होते, तरी पहिलीवर जादा वजनाचा दंड बसतो आणि तो सरसकट रक्कम म्हणून लागतो, किलोवारी नाही. तीन किलोंसाठीही तेवढाच आणि नऊ किलोंसाठीही तेवढाच. ३२ किलोंवरची बॅग तर घेतच नाहीत. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटीमीटरची मर्यादा असते, त्यात चाकं आणि हँडल धरतात. २८ इंची बॅग बहुधा बसते. ३० किंवा ३२ इंची मोठी दिसते म्हणून घेऊ नका, ती मापात अडकते. रिकाम्या बॅगेचं वजनही बघून घ्या. मोठी कडक कवचाची बॅग साडेचार किलोपर्यंत भरते, कापडी तीन-साडेतीनची मिळते. दोन बॅगांत मिळून दोन किलोंचा फरक पडतो. तीन-चारशे रुपयांचा हुकचा डिजिटल काटा घ्या आणि घरी साडेबावीसवर थांबा, कारण घरचा काटा आणि विमानतळाचा काटा तंतोतंत जुळेलच असं नाही.

कुरिअर सोडून द्या. १७,००० भागिले २० म्हणजे किलोला ८५० रुपये. शिवाय युरोपबाहेरून आलेल्या खासगी भेटवस्तूंच्या पार्सलची किंमत ४५ युरोंवर गेली की जर्मनीत कर लागतो. स्वतःबरोबर विमानाने नेलेल्या सामानाला ही मर्यादा ४३० युरो आहे. अगदीच अडलं आणि तिसरी बॅगही दुसरीच्याच दराने, ९,५०० ला, मिळत असेल तर ती परवडते: तिचं स्वतःचं वजन चार किलो धरलं तर १९ किलो माल, म्हणजे किलोला ५०० रुपये.

हाच ५०० चा आकडा हाताशी धरून उरलेल्या २० किलोंची यादी तपासा. इथली किंमत अधिक किलोमागे ५००, हे तिथल्या किमतीपेक्षा जास्त होत असेल तर ती वस्तू ठेवून द्या. पाच किलो तांदूळ न्यायलाच २,५०० लागतात आणि जर्मनीतल्या आशियाई दुकानांत तांदूळ सहज मिळतो. दुलई, उशी, बादली, भांड्यांचा मोठा संच, सगळं याच वर्गातलं. याउलट तीन लिटरचा स्टीलचा कुकर दोन किलोंच्या आसपास, तिथे तो चांगलाच महाग, तेव्हा न्यावा. पण इंडक्शनवर चालणारा घ्या, ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शन शेगडीवर तापणारच नाही. चष्म्याचा जादा जोड आणि नेहमीची औषधं चिठ्ठीसह (तीन महिन्यांपुरती) वजनाला नगण्य आणि तिथे मिळवायला किचकट, ती आधी भरा.

यादीतलं तूप, पेढे आणि खव्याची संत्रा बर्फी काढून टाका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत; कस्टम्सने बॅग उघडली तर ते जप्त होतात. ताजी संत्री आणि ओला कढीपत्ताही नको, त्यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सावजी मसाला, गोडा मसाला, तिखट, हळद, वाळवलेला कढीपत्ता खुशाल द्या. आईच्या हातचं तूप मागे ठेवताना जीव तुटतो हे समजतं, पण ते लेकीच्या घरापर्यंत पोचण्याची खात्री नाही. लोणचं द्यायचं तर चेक-इन बॅगेत, दुहेरी पिशवीत. केबिनमध्ये ते अडवतात. पॉवर बँक उलट केबिनमध्येच हवी, चेक-इनमध्ये सापडली तर बॅग उघडायला बोलावतात. केबिन बॅगेचं वजनही करा. बऱ्याच ठिकाणी ७ किलोंची मर्यादा असते. मूळ कागदपत्रं, लॅपटॉप आणि एक गरम जॅकेट त्यातच असू द्या, जॅकेट अंगावर घातलं तर आणखी उत्तम.

क्रेडिट कार्ड एका फेरीसाठी घेऊ नका. वार्षिक शुल्क ठरलेलं, सवलत मात्र कंपनीच्या अटींवर. शिवाय भारतीय कार्डाने परदेशात पैसे भरले तर परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावर जीएसटी बसतो. परतीच्या प्रवासात बॅग वाढली तर ती लेकीने तिथल्या खात्यातून, उड्डाणाच्या आधी ऑनलाइन घ्यावी.

विद्यार्थी सवलत या एकत्र तिकिटावर लागली असेल, तर प्रवेशपत्राची किंवा विद्यापीठाच्या ओळखपत्राची प्रत चेक-इनला मागतात. ती दाखवता आली नाही तर तिकिटातला फरक काउंटरवर भरावा लागू शकतो, म्हणून ती छापून केबिन बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. चिकटवलेल्या टॅगांच्या पावत्याही जपा. फ्रँकफर्टला बॅग आली नाही किंवा फुटून आली तर विमानतळ सोडण्यापूर्वीच तक्रार नोंदवून त्याचा क्रमांक घ्यायचा. नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत करावी लागते.