वीज गेल्यावर मत्स्यटाकीतील हवा आपोआप सुरू राहावी यासाठी काय करावे?

आपण कुडाळजवळ राहता, दोघेही दिवसभर कामावर असता, दोन फुटी टाकीत चार गोल्डफिश आहेत आणि पावसाळ्यात वीज एकदा गेली की पाच-सहा तास येत नाही. घरात इन्व्हर्टर नाही, तेव्हा संगणकाचा पडून असलेला यूपीएस टाकीला जोडला तर चालेल का, असे आपण विचारले आहे. तो चालेल, पण पुरणार नाही. त्याऐवजी काय घ्यावे हे ठरवण्याआधी टाकीतील नेमक्या कोणत्या वस्तूला वीज हवी आहे ते पाहावे, कारण सगळी टाकी बॅकअपवर घेण्याच्या नादातच खर्च वाढतो.

दिव्याची माशांना गरज नसते. हीटरचा प्रश्न कोकणात पावसाळ्यात उद्भवत नाही, आणि गोल्डफिशला तर तो एरवीही लागत नाही. उरतात पॉवर फिल्टर (मोटरने पाणी खेचून गाळणारे यंत्र) आणि हवा. यांपैकी पहिला धोका प्राणवायूचा असतो. २० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणजे ज्या उकाड्यात मासे जास्त श्वास घेतात त्याच उकाड्यात पाण्यात प्राणवायू कमी असतो. पाण्याचा पृष्ठभाग हलत राहिला तर ही तूट हवेतून भरून निघते, पण पंप थांबताच पृष्ठभाग स्थिर होतो. मग मासे वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड उघडझाप करू लागतात. बेट्टा किंवा गुरामी थेट हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे ते तग धरतात. गोल्डफिशला ती सोय नाही. दोन फुटी टाकीत साधारण ७० लिटर पाणी असते आणि चार गोल्डफिश हा त्या पाण्यावर मुळातच मोठा भार आहे, हेही स्पष्ट सांगावेसे वाटते. दोन मासे मोठ्या टाकीत गेले तर पुढील सर्व हिशेब आपल्या बाजूने झुकतो.

आता यूपीएसकडे वळू. संगणकाच्या नेहमीच्या ६०० व्हीए यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. तीन-चार वॅटचा एअर पंप त्यावर रात्रभर चालायला हवा, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात बॅटरीची वीज २३० व्होल्टपर्यंत चढवताना यूपीएस स्वतःच पंपापेक्षा कितीतरी जास्त वीज खातो, भार फार कमी असल्यास काही यूपीएस आपोआप बंद पडतात, आणि जुनी बॅटरी तर दाखवलेल्या क्षमतेच्या जवळपासही जात नाही. संगणक नीट बंद करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटे मिळावीत यासाठी ते यंत्र बनवलेले आहे.

माझा सल्ला असा की २३० व्होल्टच्या वाटेला जाऊच नये. १२ व्होल्ट डीसीवर, म्हणजे बॅटरी देते तशा विजेवर चालणारा, तीन वॅटच्या आसपासचा लहान एअर पंप घ्यावा आणि तो वायफाय राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या यूपीएसवर कायमचा चालू ठेवावा. वीज असताना तो यूपीएस पंपही चालवतो आणि आतील बॅटरीही भरतो, वीज गेली की पंपाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे वेगळा रिले (वीज जाता-येता आपोआप बदलणारा स्विच) किंवा साधा स्विच लावण्याचे काम उरत नाही. खोक्यावरचा आकडा वाचताना मात्र सावध राहावे. ‘८८०० एमएएच’ (मिलिअँपिअर-तास) असे लिहिलेले असले तरी ते बहुधा आतील ३.७ व्होल्टच्या सेलच्या हिशेबाने असते, म्हणजे साडेबत्तीस वॅट-तास. मधली घट धरून तीन वॅटचा पंप त्यावर आठ तासांच्या आसपास चालावा. आपल्या पाच-सहा तासांना हे पुरते. पंपाच्या पिनचा मधला भाग धन आहे ना आणि यूपीएसचा पॉइंट १२ व्होल्टचाच आहे ना, हे जोडण्यापूर्वी पाहून घ्यावे. मोबाइलची पॉवर बँक वापरण्याचा मोह होतो, पण भार अगदी कमी असला की अनेक पॉवर बँका फोन भरला असे समजून बंद होतात, आणि चार्ज होत असताना वीज पुढे देणे सगळ्यांना जमत नाही.

या पंपाची नळी नुसत्या एअर स्टोनला (बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र खड्याला) न जोडता स्पंज फिल्टरला, म्हणजे बुडबुड्यांच्या जोरावर स्पंजमधून पाणी खेचणाऱ्या फिल्टरला जोडावी. माशांच्या शरीरातून बाहेर पडणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजमध्ये राहतात आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. स्पंजमधून पाणी फिरत राहिले की मासे आणि जिवाणू या दोघांचीही सोय तीन वॅटमध्ये होते. नवा स्पंज मात्र वीज जाण्याच्या दिवशी टाकून उपयोग नाही, जिवाणू बसायला काही आठवडे जातात. कायम चालणाऱ्या पंपाचा आणखी एक फायदा मला मोठा वाटतो: तो बिघडला तर त्याच दिवशी बुडबुडे थांबलेले दिसतात. कपाटात ठेवलेला ‘आणीबाणीचा’ पंप बिघडलेला आहे हे नेमके आणीबाणीच्या वेळीच कळते.

बारा तास किंवा त्याहून जास्त तयारी हवी असेल, तर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची नवी सीलबंद बॅटरी, तिच्यासाठी १३.५ ते १३.८ व्होल्ट देणारा फ्लोट चार्जर (बॅटरी सतत भरलेली ठेवणारा) आणि २३० व्होल्ट कॉइलचा रिले असा संच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. वीज असते तोवर कॉइल रिलेचा संपर्क उघडा धरून ठेवते; वीज जाताच ‘टक्’ असा आवाज होतो, संपर्क मिटतो आणि बॅटरी पंपाला जोडली जाते. बॅटरीच्या धन टोकाजवळ दोन अँपिअरचा फ्यूज असलाच पाहिजे, आणि व्होल्टेज १०.८ च्या खाली जाऊ न देणारा कट-ऑफ असेल तर बॅटरी जास्त काळ टिकते. हे सगळे टाकीच्या खालच्या कपाटात कोंबू नये. तिथे पाणी ठिबकते आणि हवाही खेळत नाही.

एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला तर तो थांबल्यावर टाकीतील पाणी नळीतून उलटे पंपात आणि तिथून वायरींवर येऊ शकते, म्हणून नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. तो काही रुपयांना मिळतो. टाकीच्या २३० व्होल्टच्या सॉकेटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) नसेल तर बॅकअपच्या आधी तो लावून घ्यावा.

सर्व जोडून झाल्यावर एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळी मेन स्विच खाली करावा आणि पंप किती तास चालतो हे प्रत्यक्ष पाहून तो आकडा बॅटरीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवावा. दरवर्षी मे महिन्यात हीच चाचणी पुन्हा घ्यावी. तास निम्म्यावर आले की बॅटरी बदलावी. मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतर आपल्या जिल्ह्यात अनेक ठिकाणी वीज काही दिवस नव्हती, तशा प्रसंगाला यांतील कोणताही संच एकटा पुरणार नाही. तेव्हा २० वॅटचे लहान सौर पॅनेल चार्ज कंट्रोलरमार्फत (बॅटरी जास्त भरू न देणाऱ्या उपकरणामार्फत) सात अँपिअर-तासांच्या बॅटरीला जोडता येते, किंवा घरी असलेल्या माणसाने तासातासाने तांब्याने पाणी उचलून फूटभर उंचीवरून टाकीत सोडत राहावे. या काळात माशांना खायला अजिबात देऊ नये. निरोगी गोल्डफिश काही दिवस उपाशी सहज राहतो, उलट खाल्लेल्या अन्नाचा अमोनिया त्याला भोवतो.

वीज परत आल्यावरचा भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पॉवर फिल्टर, विशेषतः बंद डब्याचा कॅनिस्टर, काही तास थांबलेला असेल तर आतील पाण्यातला प्राणवायू संपून जिवाणू मरू लागतात आणि झाकण उघडताच कुजकट वास येतो. तो आपोआप सुरू झाला तर ती सगळी घाण थेट टाकीत येते. म्हणून आपण दिवसभर बाहेर असताना फिल्टर वीज आल्यावर स्वतःहून सुरू होणार नाही अशी व्यवस्था इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. घरी आल्यावर फिल्टरमधील पाणी बाहेर ओतावे, स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यात हलका पिळावा आणि मगच फिल्टर चालू करावा. तोपर्यंत डीसी पंपावरचा स्पंज टाकी सांभाळतो.