वाचकांचे प्रश्न : रोजची वेदनाशामक गोळी आणि न सरणारे दुखणे

दुखण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. चार-पाच दिवसांसाठी असलेले औषध महिनोन्महिने चालू राहते आणि खरोखर नियमित लागणारे औषध मात्र भीतीपोटी दिले जात नाही, या दोन्ही गोष्टी या पत्रांत दिसतात, आणि दोन्हींमुळे माणसांचे सारखेच हाल होतात.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ६४ आहे. रक्तदाबासाठी त्या टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन यांची एकत्र गोळी घेतात. दोन्ही गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी त्या आठ महिन्यांपासून सकाळ-संध्याकाळ घेत आहेत. सोबत गॅसची गोळी असल्यामुळे काही त्रास होणार नाही, असे दुकानदार सांगतात. अलीकडे त्यांचे पाय सुजतात. यंदाही आषाढी वारीला जायचे त्यांच्या मनात आहे. गोळी चालू ठेवावी का?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : नाही. ही वेदनाशामक गोळी आजच थांबवावी. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. दोन दिवसांच्या आत सासूबाईंना डॉक्टरांकडे नेऊन रक्तदाब, लघवी, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) आणि पोटॅशियम यांची तपासणी करून घ्यावी. लघवी कमी होत असेल किंवा धाप लागत असेल, तर तेवढेही थांबू नये.

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सारी एकाच कुळातील औषधे आहेत. शरीरात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे सूज आणि वेदना वाढते, आणि ही औषधे त्या द्रव्यांची निर्मितीच रोखतात. अ‍ॅस्पिरिन असेच काम करते हे शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि पुढे १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अडचण अशी, की हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाहही राखतात. गॅसची गोळी जठरातील आम्ल कमी करते, त्यामुळे जठराला जखम होण्याचा धोका घटतो, परंतु मूत्रपिंड आणि हृदय यांच्यासाठी ती काहीही करत नाही. दुकानदारांचे म्हणणे पोटापुरतेच खरे आहे.

आपल्या सासूबाईंच्या बाबतीत धोका अधिक आहे, कारण तीन औषधे एकाच ठिकाणी येऊन मिळाली आहेत. टेल्मिसार्टन मूत्रपिंडाच्या गाळणीतील दाब उतरवते, क्लोरथॅलिडोन लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढते, आणि वेदनाशामक गोळी गाळणीकडे येणारे रक्त आखडते. त्यामुळे रक्त गाळण्याइतका दाबच कधी कधी उरत नाही. याच गोळीमुळे शरीरात मीठ-पाणी साठून पाय सुजू शकतात आणि रक्तदाबाची गोळीही नीट लागू पडेनाशी होते. मग रक्तदाब वाढला म्हणून दुसरी गोळी सुरू होते आणि मूळ कारण तसेच राहते.

हे औषध मूत्रपिंडावर कसा आघात करू शकते, हे आपल्या देशाने गिधाडांच्या बाबतीत पाहिले आहे. आजारी गुरांना डायक्लोफेनॅक टोचले जाई. अशी मेलेली गुरे खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि एकेकाळी सर्वत्र दिसणारा हा पक्षी नाहीसा होऊ लागला, तेव्हा २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसाचे शरीर हे औषध गिधाडापेक्षा कितीतरी चांगले सोसते, त्यामुळे उसण भरली असता तीन दिवस गोळी घेतलेल्या निरोगी तरुणाने घाबरण्याचे कारण नाही. वय, रक्तदाब, मधुमेह आणि आठ महिन्यांचा काळ यांनी मात्र हिशेब बदलतो.

घरातील सगळ्या पट्ट्या एकदा उजेडात घेऊन बसा आणि मोठ्या अक्षरांतील नावाऐवजी खालची बारीक अक्षरे वाचा. वेगवेगळ्या नावांच्या दोन पट्ट्यांत एकच औषध निघणे ही रोजची गोष्ट आहे. वेदनाशामक संयुक्त गोळ्यांत बहुधा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, ते सर्दीच्या गोळीतही असते, आणि वर तापासाठी कोणी ६५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी देते. निरोगी प्रौढासाठी पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम आहे. वृद्ध, कमी वजनाच्या, यकृताचा आजार असलेल्या किंवा नियमित मद्य घेणाऱ्या व्यक्तींसाठी ती आणखी खाली ठेवावी लागते. मर्यादेत घेतल्यास ते मूत्रपिंडाच्या दृष्टीने या कुळापेक्षा बरेच सुरक्षित आहे, मात्र झिजलेल्या गुडघ्यावर त्याचा गुण बेताचाच येतो, हेही सांगायला हवे.

मग गुडघ्यांचे काय करायचे? पहिला उपाय मांडीच्या स्नायूंचा आहे. खुर्चीवर बसून एक पाय गुडघ्यात सरळ करावा, मांडी घट्ट आवळून पाच अंक मोजावेत आणि पाय सावकाश खाली आणावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ हे केल्यास फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तेवढा धीर घरच्यांनीही त्यांना द्यायला हवा. एक गुडघा जास्त दुखत असेल तर काठी त्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी; बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. वजन जास्त असल्यास थोडे उतरले तरी गुडघ्यावरचा भार पावलागणिक कमी होतो. डायक्लोफेनॅकचे मलम गुडघ्यावर चोळल्यास गोळीच्या मानाने फारच थोडे औषध रक्तात जाते, म्हणून तपासण्या पाहून डॉक्टर ते सुचवू शकतील.

वारीला जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. तो निर्णय तपासण्यांचा निकाल पाहून घ्यावा. चालण्याच्या दिवसांत घाम जातो, पाणी कमी प्यायले जाते, एखाद्या मुक्कामी जुलाब होतात, आणि नेमके तेव्हाच पाय दुखतात म्हणून कोणीतरी प्रेमाने आपल्याजवळची गोळी पुढे करते. अंगातील पाणी कमी झालेले असताना या कुळातील गोळी मूत्रपिंडाला सर्वाधिक इजा करते. त्यांनी कोणाचीही गोळी घेऊ नये, आणि उलट्या-जुलाब झाले तर रक्तदाबाच्या गोळीचे काय करायचे, हे डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

प्रश्न : माझे वय ४१ असून मी कारखान्यात काम करतो. दोन वर्षांपासून कंबर दुखते. एमआरआयमध्ये मणक्यात गॅप आहे आणि चकती सरकली आहे, असे सांगितले. चार डॉक्टर झाले. प्रेगाबालिन आणि ट्रामाडॉल घेतो, पण पूर्ण थांबत नाही. एका डॉक्टरांनी हे मनाचे आहे असे म्हटले. यावर कायमचा इलाज काय?
(एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : आपले दुखणे खरे आहे. "मनाचे आहे" या शब्दांनी आपल्याला लागले असेल, तर ते स्वाभाविक आहे.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्याला दीर्घकालीन वेदना म्हणतात. अशा वेदनेत मूळ इजा भरून आलेली असली तरी मज्जारज्जू आणि मेंदू यांची संवेदनक्षमता वाढलेली राहते. भाजलेल्या त्वचेला कोमट पाणीही चटका देते, तसे एरवी सहज होणारे वाकणे अशा कमरेला असह्य वाटते. यात कल्पना काहीच नाही. मज्जासंस्थेत झालेला हा बदल आहे. झोपमोड, नोकरीची काळजी आणि हालचालीची भीती यांनी तो वाढतो, म्हणून या गोष्टींवर उपचार करणे हा कमरेवरचाच उपचार असतो.

एमआरआयच्या कागदाची भीती मात्र आपण कमी करावी. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात कंबर मुळीच दुखत नसलेल्या चाळिशीतील माणसांपैकी सुमारे निम्म्या लोकांत चकतीचा फुगवटा आढळला. "गॅप" हा शब्द ऐकला की मणका आता निखळेल असे वाटू लागते आणि माणूस वाकणे, उचलणे, चालणे सोडून देतो. त्याने स्नायू अशक्त होतात आणि दुखणे बळावते. काही लक्षणे मात्र तातडीची आहेत. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत व बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, यांपैकी काहीही घडले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे आणि रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, तर मणक्याचा क्षयरोग आहे का हे तपासावे लागते. आपल्याकडे त्याचा विचार लवकर करायला हवा.

आपल्या दोन्ही औषधांनी गुंगी येते, आणि एकत्र घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो. मद्य किंवा झोपेची गोळी त्यात मुळीच मिसळू नये. यंत्रावर काम करताना या गुंगीचा अर्थ काय होतो, ते आपल्याला ठाऊक आहे. ट्रामाडॉलची सवय लागू शकते म्हणूनच २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले. तरीही यातील एकही गोळी एकदम सोडू नये. सहा महिन्यांत या गोळ्यांमुळे आपण काय अधिक करू लागलात, हा प्रश्न डॉक्टरांबरोबर बसून विचारावा, आणि उत्तर "काहीच नाही" असे आले तर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवून घ्यावी.

कायमचा इलाज असे एकच औषध वा इंजेक्शन मी आपल्याला सांगू शकत नाही, आणि जो कोणी तसे हमखास सांगतो त्याच्यापासून जपावे. माझ्या मते अशा दुखण्यात दहापैकी किती दुखते यापेक्षा किती वेळ उभे राहता येते, मुलाला शाळेत सोडता येते का, रात्री सलग झोप लागते का, या मोजमापांना अधिक अर्थ आहे. बरे वाटले त्या रविवारी साठलेली सगळी कामे उरकायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळायचे, हा क्रम बहुतेकांचा असतो. त्याऐवजी वाईट दिवशीही जमेल एवढे चालणे ठरवा, समजा दहा मिनिटे, आणि चांगल्या दिवशीही तेवढेच चाला. आठवड्याला एखाद-दोन मिनिटे वाढवा. कमरेत सणक भरली तर एखादा दिवस कमी करा, पण शून्यावर येऊ नका. फिजिओथेरपीत केवळ मशीनचा शेक मिळत असेल, तर व्यायाम शिकवणारे केंद्र शोधा.

प्रश्न : वडिलांना जबड्याचा कर्करोग आहे. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दर चार तासांनी द्यायला सांगितल्या आहेत. सवय लागेल या भीतीने आम्ही ते फार कण्हू लागले की मगच देतो. हे योग्य आहे का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या मनातील काळजी मला समजते, तरीही गोळी घड्याळाप्रमाणेच द्यावी. वेदना शिगेला पोहोचल्यावर दिलेली गोळी उशिरा आणि अपुरी ठरते; तेवढा वेळ वडील विनाकारण सोसतात. कर्करोगाच्या वेदनेसाठी औषध शक्यतो तोंडाने आणि ठरलेल्या वेळी द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच सांगितले आहे. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन अशा रुग्णांत क्वचितच जडते, आणि मॉर्फिन सुरू झाले म्हणजे शेवट जवळ आला असाही अर्थ नसतो. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यामुळे हे औषध रुग्णांपर्यंत पोहोचणे अवघड झाले होते; २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी केली. ज्याला ते मिळाले आहे त्याला ते पुरते मिळावे.

बद्धकोष्ठता जवळजवळ नक्की होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्यावे. मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत उतरते. हाक मारूनही जाग येत नसेल किंवा श्वास फार संथ झाला असेल, तर पुढची गोळी न देता ताबडतोब डॉक्टरांना कळवावे. गोळ्या कुलपात ठेवाव्यात.

प्रश्न : संधिवातासाठी एका गावातून आयुर्वेदिक पुड्या आणतो. दोन दिवसांत उतार पडतो. वर्ष झाले. आता चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि साखर वाढली आहे. पुड्या बंद कराव्यात का?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : घटक न छापलेल्या आणि दोन दिवसांत गुण देणाऱ्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची दाट शंका घ्यावी लागते, गोल झालेला चेहरा आणि वाढलेली साखर त्याच दिशेने बोट दाखवतात. मात्र त्या आज एकदम बंद करू नका. वर्षभर बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचे स्टेरॉइड तयार करणे जवळपास थांबवते, आणि पुरवठा अचानक तुटला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. उद्याच फिजिशियनकडे जा, उरलेल्या पुड्या सोबत न्या, दिवसाला किती घेत होतात ते खरे सांगा, आणि त्या कशा कमी करायच्या हे त्यांच्याकडून लिहून घ्या. उलट्या, भोवळ किंवा अतिशय थकवा आला तर उद्याचीही वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जा आणि तेथे पुड्यांबद्दल सर्वांत आधी सांगा. संधिवातावर परिणामकारक औषधे आज जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, पण सांधे वाकडे होण्यापासून ती वाचवतात.