हात आत घातला की फुसकारतो, काय करू?

प्रश्न : ताई, दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक कोकाटील, म्हणजे पोपटाच्या कुळातला तो छोटा तुरेवाला पक्षी, आलाय. आधीच्या घरी तो एका छोट्या पिंजऱ्यात नुसता पडून होता, कोणी बघायचं नाही, तिथून एकाने सोडवला आणि आम्हाला दिला. वय माहीत नाही. हात आत घातला की फुसकारतो, चोच उघडून डुलतो आणि दोनदा तर रक्त येईपर्यंत चावलाय. व्हिडिओत सांगतात की चावला तरी हात हलवू नका, मग त्याला कळतं की चावून उपयोग नाही. दुसरा एकजण म्हणतो पंख कापा, सोपा होईल. खरं सांगू, आता मलाच त्याची भीती वाटायला लागलीये.

उत्तर : भीती वाटणारच हो, कोकाटील जेमतेम ८०-१०० ग्रॅमचा पण चोच कसली असते त्याची! पण तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे बघा. तो आधी फुसकारतो, मग डुलतो, मग चावतो. म्हणजे तो बिचारा तुम्हाला दोन-दोन नोटिसा देतोय, आणि नीट बघितलंत तर त्याच्याही आधी एक असते, तुरा मागे डोक्याला चिकटतो आणि अंगावरची पिसं घट्ट बसून तो एकदम बारीक, उंच दिसायला लागतो. तेवढ्यावर तुम्ही थांबलात, हात मागे घेतलात, तर पुढचं काही करायची त्याला गरजच पडत नाही. हात तसाच रेटून ठेवला की मात्र तो एकच शिकतो, फुसकारून काही होत नाही, डायरेक्ट चावावं. काही पक्षी तर त्यानंतर चावायचंही सोडतात आणि दगडासारखे बसून राहतात, लोकांना वाटतं माणसाळला, पण त्याने हाय खाल्लेली असते.

पंख अजिबात कापू नका. पळायची वाट बंद केली की त्याच्याकडे चोचच उरते.

आता करायचं काय, तर पहिले काही दिवस हात हा विषयच सोडा, दाणापाणी बदलण्यापुरता सावकाश आत घालायचा तेवढाच. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागलेली आहे ना बघा, चारही बाजूंनी मोकळा असेल तर त्याला पाठीमागून कोण येईल याचा घोर लागून राहतो. मग खुर्ची घेऊन एवढ्या लांब बसा की तो तुमच्यासमोर दाणे खात राहील. खाणं थांबलं म्हणजे तुम्ही जास्त जवळ आलात, अर्धा फूट मागे सरका. टक लावून बघायचं नाही, समोरून दोन्ही डोळे रोखून बघतात ते शिकारी, तर तिरकं बसा, काहीतरी मोठ्याने वाचा, तुमचंही काही खात बसलात तर उत्तमच, कारण हे थव्याने जमिनीवर दाणे टिपणारे पक्षी, आजूबाजूला कोणी निवांत खातंय म्हणजे धोका नाही एवढं त्यांना कळतं.

उठताना वाटीत त्याच्या आवडीचं थोडं टाका आणि लगेच निघून जा. हे निघून जाणं लोक विसरतात. घाबरलेल्या पक्ष्याला दाण्यापेक्षाही तुम्ही लांब गेलात याचंच बक्षीस मोठं वाटतं.

राळ्याचं कणीस मिळालं तर बहुतेक कोकाटील त्याच्यासाठी वेडे होतात. ते रोजच्या वाटीतून काढा आणि फक्त तुमच्याकडूनच मिळू दे, पण बाकीचं खाणं तोडू नका, उपाशी ठेवून माणसाळवायचा प्रकार एवढ्याशा जिवाला झेपत नाही. कणीस लांब धरा, गजांच्या बाहेरून. पहिल्यांदा घेईल ते बघण्यासारखं असतं, पाय मागच्या मागेच दांडीला घट्ट, मान मात्र रबरासारखी ताणलेली, एक दाणा उचलायचा आणि लगेच मागे. तेव्हा तुम्ही श्वाससुद्धा जपून घ्या. मग दिवसागणिक बोटं थोडी पुढे, मग दार उघडं ठेवून, मग तळहातावर, आणि हात स्थिर ठेवायचा, यायचं ते त्याने. छातीला बोट दाबून चढवतात तसलं काही नको. ५ मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि तो कंटाळायच्या आत आपणच उठायचं.

किती दिवस लागतील ते विचारू नका. माझ्याकडची मादी सातव्या आठवड्यात हातावर आली आणि मी त्याच आनंदात दुसऱ्या दिवशी डोक्याला टॉवेल गुंडाळून तिच्यासमोर गेले, झालं, परत खुर्चीपासून सुरुवात! पण दुसऱ्या खेपेला निम्म्या वेळात झालं. हे पक्षी नीट सांभाळले तर १५-२० वर्षं जगतात, दोन महिने म्हणजे काहीच नाही.

पक्ष्यांच्या डॉक्टरला एकदा दाखवलंय ना? दुखत असेल तरी चावतात. पिसं फुगवून तळाला बसला किंवा श्वासाबरोबर शेपूट वरखाली व्हायला लागली तर शिकवणं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी घेऊन जा. रात्री १०-१२ तास शांतता हवी, फक्त पूर्ण काळोख नको, कोकाटील अंधारात दचकून पिंजऱ्यावर आपटतात, एखादा मंद दिवा राहू दे.

प्रश्न : जोडीला दुसरा आणला तर लवकर माणसाळेल का?

उत्तर : दोघं एकमेकांना माणसाळतील, तुम्हाला नाही! आणायचाच असेल तर त्याला सोबत म्हणून आणा, आणि नव्याला निदान ३० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत. पण आधी ती खुर्ची टाकून बसायला लागा, जोडीचं महिन्या-दोन महिन्यांनी बघू.